आभाळाची आग, ओढ्याची कड

गेल्या दिवाळीत नव्या नातसुनेला मी सहज बोलून गेले की मला वणव्याची फार आठवण येते. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हातारीला आता डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली. तिचा काय दोष? माणसाला माहेराची आठवण येते, गेलेल्या माणसांची येते, फार तर एखाद्या जुन्या लोणच्याची येते. वणव्याची कुणाला येते? मला येते. वैशाखात दुपार कलली, आभाळ एका अंगानं काळं झालं आणि पाऊस न पडता नुसतं गडगडायला लागलं, की मी अजूनही ओट्यावर येऊन डोंगराकडे तोंड करून बसते.

डोंगर आपला म्हणायचा. कर्जतच्या बाजूचा हा डोंगर म्हणजे अंगानं जरा भरलेली टेकडी. पण मी देवळाली प्रवरेची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडे सगळ्यात उंच काय, तर कारखान्याची चिमणी. त्यामुळे लग्न होऊन इथं आले, तेव्हा ह्या टेकडीकडे मी मान वर करकरून बघायची आणि माहेरी निरोप धाडायची, की मला पर्वताच्या पायथ्याशी दिलंय.

आमच्या उसाच्या गावात आगीचा नियम एकच होता: दिसली की धाव. वाळल्या पाचटात ठिणगी पडली तर डोळ्यांदेखत वावर जायचं. मग कुणाचं वावर, कुणाशी भांडण, काही बघायचं नाही. घागर, बादली, हाताला येईल ते घेऊन पळायचं. हे मला चालायला यायच्या आधीपासून येत होतं, असं समजा. शिवाय मी सातवी पास. सासरच्या घरात माझ्याएवढी शिकलेली बाई नव्हती, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते.

लग्नानंतरचा पहिलाच वैशाख. भर दुपारी कोरडी वीज कडाडली. पाऊस म्हणाल तर चार थेंब, धूळ बसण्यापुरतेसुद्धा नाहीत. थोड्या वेळानं डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला. मी ओरडत बाहेर आले, तर पारावर पुरुषमंडळी बसलेली. त्यांतल्या एकानं शांतपणे विचारलं, वीज पडताना कुणी बघितली. दोघं म्हणाले, आम्ही बघितली. बरं, म्हणाले, आणि सगळे उठून सावकाश कडुनिंबाच्या डहाळ्या तोडायला लागले. मला वाटलं, हे सगळं गाव वेडं आहे आणि डोंगर वाचवायला देवानं मला इथं पाठवलंय.

घरात दोन कळशा भरलेल्या होत्या. त्या काळी प्यायचं पाणी ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून यायचं, आणि दोन कळशांत अर्धी सकाळ जायची. मी एक डोक्यावर घेतली, एक कमरेवर घेतली आणि चढ चढत गेले. पदर कुठं, चप्पल कुठं. आगीपाशी पोचले आणि दोन्ही कळशा ओतल्या. चुर्रर्र झालं. चटईएवढी जागा विझली. मी मागं वळून बघितलं, कुणी शाबासकी देतंय का. खाली सगळं गाव हातात डहाळ्या घेऊन उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. उरलेली आग माझ्या दोन्ही बाजूंनी निवांत पुढं गेली.

खाली आले तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाटाच्या पाण्याची पोर हाय. डोंगराला आंघुळ घालती."

झालं. त्या दिवसापासून मी आंघोळवाली. माझ्या एका चुलत दिरांनी तर ते आयुष्यभर पुरवून वापरलं. आता त्यांना धड दिसत नाही, ऐकू कमी येतं, पण वैशाख लागला की काठी टेकत येतात आणि विचारतात, "वैनी, औंदा आंघुळ कवा?"

मला नंतर कळलं ते असं. ह्या गावात आगीच्या दोन जाती होत्या. माणसानं लावलेली आग, म्हणजे बिडीची, मध काढणाऱ्याची, कोवळं गवत लवकर फुटावं म्हणून कुणी मुद्दाम लावलेली, ती दिसली की विझवायची. लावणाऱ्याला पारावर बसवून सगळ्यांनी बोलायचं, असं बोलायचं की त्याच्या बायकोनंही त्याला आठवडाभर जेवायला वाढताना तोंड फिरवावं. पण विजेनं लागलेली आग आभाळाची. ती डोंगराच्या वाट्याची. तिला हात लावायचा नाही, फक्त राखायची. डोंगराच्या चारी अंगांना तिची हद्द ठरलेली होती: एकीकडे उघडा कातळ, एकीकडे गाडीवाट, एकीकडे नांगरलेली रानं आणि एकीकडे ओढा. ती हद्द ओलांडू लागली तर डहाळीनं झोडपून मागं सारायची. आणि प्रत्येक घराची कड ठरलेली. आमच्या घराकडे ओढ्याची कड होती, पिढ्यान्‌पिढ्या.

त्या दिवशी सासरे कातळाकडे गेलेले होते. सासूबाईंचा गुडघा दुखत होता. तेव्हा ओढ्याच्या कडेला कोण, तर आमचे हे आणि मी. दोन कळशा सांडल्याची शिक्षाच म्हणा.

लग्नाला काही महिने झाले होते, पण आमचं बोलणं म्हणजे "ताट", "पाणी" आणि "बरं". घर माणसांनी गच्च. ह्यांच्याकडे मान वर करून बघितलं तर जावा खोकायच्या. आणि आता एकाएकी आम्ही दोघंच ओढ्याच्या काठावर, मागं वाळूचा कोरडा पट्टा, पुढं जळणारा डोंगर, आणि कामही असं की बसून राहायचं. मी रागानं लाल झालेले. ह्यांनी एक डहाळी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आग इझवायला गेल्तीस व्हय?"

"मंग? बघत बसायचं?"

"व्हय. बघतच बसायचं. आपल्या कडंला आली तर राखायची. न्हाईतर जाऊ द्यायची तिच्या वाटंनं."

"आन् दोन कळशा पानी कशाला भरून ठेवलं हुतं मंग?"

"प्याया," हे म्हणाले. आणि पहिल्यांदा मला हसताना दिसले. आवाज न करता हसायचे, नुसते खांदे हलायचे.

त्या वेळी डोंगर गुरांनी चरलेला असायचा. गवत घोट्याएवढं, फार तर पोटरीएवढं. आगीला खायला फारसं नसायचं, म्हणून ती धावत नसे. एका ओळीत हळूहळू उतरायची, कुणी जमिनीला दोरा भरत येतंय तशी. तिच्या पुढं टोळ उडायचे आणि ते टिपायला कोतवाल पक्षी धुरात सूर मारायचे. एखादा ससा आमच्या दोघांच्या मधून निघून जायचा, जणू आम्ही दगड. सूर्य बुडायच्या बेताला ती ओळ ओढ्याशी आली. आम्ही उठलो, डहाळ्या मारल्या, ती बसली. एवढंच काम. ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून शेंगा काढल्या आणि कडेच्या गरम राखेत पुरल्या. उकरून काढून माझ्या ओंजळीत टाकल्या. हात पोळला, पण सोडल्या नाहीत मी. माझ्या लग्नाचं जेवण विचाराल तर मला ह्या शेंगा आठवतात. मांडवात काय वाढलं होतं, देव जाणे.

त्यानंतर मी वैशाखाची वाट बघायला लागले. आग दर वर्षी लागत नसे. दोन वर्षं, तीन वर्षं कोरडी जायची, म्हणजे वीज पडायची पण दुसऱ्याच कुठल्या डोंगरावर, आणि माझा जीव तिकडच्या बायांवर जळायचा. आभाळ भरलं की मी ओट्यावर उभी. जावा म्हणायच्या, धाकटीची भक्ती मोठी, मेघराजाला हात जोडून उभी राहती. मी काय मागत होते ते मेघराजाला ठाऊक. सातवी पास बाई देवाकडे वीज मागत होती, तीही पत्ता देऊन. आता त्या पोरीची आठवण झाली की मला हसू येतं आणि तिचा हेवाही वाटतो.

आणि आग लागली, की सासूबाईंचा गुडघा दुखायचा. न चुकता. एरवी ह्या बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ उतरायच्या, काष्टीच्या बाजाराला बैल आणायला निघालेल्या पुरुषांना वेशीपर्यंत चालत पोचवून परत यायच्या. पण वीज पडली की गुडघा धरून खाली. "म्हातारीला काय जमतंय आता. जा तुमी दोगं." मी बिचारी त्यांना रात्री तेल लावून चोळून द्यायची.

उगाच सगळं गोड करून सांगणार नाही. एकदा आग गेल्यावर काळ्या रानातून येताना मला तितराचं घरटं दिसलं. अंडी तडकलेली. मी तिथंच बसले. ह्यांना म्हटलं, हे कसलं तुमचं आभाळ. हे म्हणाले, "जळतं बी. खोटं कशाला सांगू?" एवढंच म्हणाले. पुढं पाऊस पडला, त्या काळ्यातून असं कोवळं गवत आलं की गुरं तिथून हलेनात, तेव्हाही मला म्हणाले नाहीत की बघ, आमचं बरोबर होतं. त्या माणसाला जिंकता यायचं नाही. म्हणून तर मी इतकी वर्षं भांडले.

पुढं काळ बदलला, आणि वाईट बदलला असं मी म्हणणार नाही. गावात पाणलोटाचं काम आलं. डोंगरावर आडवे चर खणले, त्यात ह्यांचाही घाम आहे. गुरं चारायला बंदी झाली. विहिरींना पाणी वाढलं, दोन कळशांसाठी अर्धी सकाळ घालवणाऱ्या बाया राहिल्या नाहीत. आणि आग म्हटली की विझवायची, असा नियम झाला. आभाळाची असो की बिडीची. फॉरेस्टची माणसं पाठीवर वारा फुंकणारं मशीन अडकवून येतात आणि पाला, ठिणगी सगळं मागं उडवून लावतात. बघायला मजा येते. पण बसायला कुणी सांगत नाही.

आमचे हे गेले त्यालाही आता बरेच हिवाळे झाले. अंथरुणात गेले, कुणाला त्रास न देता. मी ओढ्याकडे जायचं सोडलं. कड राखायची नसेल, तर तिथं जाऊन करायचं काय?

माझी सून बचत गटाची अध्यक्ष आहे. तिनं आणि गटातल्या बायांनी डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, सीताफळ आणि चिंच लावली. सलग तीन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहून जगवली. मी तिला म्हणायची, बाई, डोंगराला आंघोळ घालण्याचं काम आपल्या घराण्यात वंशपरंपरेनं आलंय. ती हसायची आणि हंडा उचलायची.

तर गेला वैशाख. दुपारी आभाळ भरलं, मी ओट्यावर. आणि किती वर्षांनी ती पडली, माझ्या डोळ्यांसमोर, डोंगराच्या माथ्यावर. पाऊस नाही. थोड्या वेळानं धूर.  म्हाताऱ्या बाईला लाज वाटावी इतका आनंद झाला मला.

पारापाशी माणसं जमली. फॉरेस्टची गार्ड म्हणजे एक तरुण पोर, ती मोटारसायकलवरून आली. फोनवर बोलत होती: मशीन दुसऱ्या डोंगरावर गेलंय, यायला वेळ लागेल. आमच्या चुलत दिरांनी काठी आपटून जुना प्रश्न विचारला, वीज कुणी बघितली. मी म्हटलं, मी बघितली. मग ते म्हणाले, आभाळाची हाय, जळू द्या, आपापल्या कडंला जावा. पोरं म्हणाली, आबा, तुमचे दिवस गेले. कुणी म्हणालं, परदेशातसुद्धा आता आपोआप लागलेली आग जळू देतात, मोबाईलवर बघितलंय. कुणी म्हणालं, मोबाईलवर काय पण बघतोस.  सुनेची झाडं धुराच्या खाली, उतारावर होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आत्या, तुमी सांगा. जळू द्यायची का इझवायची?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. उत्तर कसलं, माझ्या हातात कडुनिंबाची डहाळी होती. ती कधी तोडली हे मलाही आठवत नव्हतं. जळू दे, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मग मी ओढ्याच्या कडेला जाऊन बसले असते. शेजारी कुणी नसतं, पण आग तीच असती. मला फक्त एकदा ती ओळ उतरताना बघायची होती.

मी डोंगराकडे नीट बघितलं. गवत कमरेएवढं उभं होतं, जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं, इतक्या वर्षांचं. आमची आग चरलेल्या रानातून चालत यायची. ही चालणार नव्हती. आणि ओढा? ओढ्यात घाणेरीची झुडपं माजलेली, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. जिथं आम्ही बसायचो ती वाळू दिसतसुद्धा नव्हती. आग तिथं आली असती तर थांबली नसती, घाणेरीवरून इकडे वस्तीत आली असती. मी जिची वाट बघत होते ती कडच जाग्यावर नव्हती.

"इझवा," मी म्हटलं. "आग राखायची तर कड लागती. ती आपुन बुजवून बसलोय."

 सून पदर खोचून निघाली, तिच्यामागं गटातल्या बाया, पोरं, गार्ड. मला वर जाऊ दिलं नाही कुणी. पाण्याचा टँकर गाडीवाटेनं पायथ्याशी आणला, आणि मी त्याला नळी लावून हंडे, बादल्या, कॅन, जे येईल ते भरून देत बसले. पोरं ती वर पळवत होती. अंधार पडायच्या आत, चरांच्या वर, आग थांबली. सुनेच्या झाडांची वरची एक रांग होरपळली, बाकी वाचली. बाया खाली आल्या तेव्हा डोळे लाल, भुवया करपलेल्या, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

चुलत दीर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "वैनी, झाली एकदाची आंघुळ." मी हसले. पण घरी येऊन हात धुतले तेव्हा डहाळीचा कडू वास जाईना, आणि मी मोरीतच बराच वेळ उभी राहिले.

पावसाळ्यात माथ्यावरच्या त्या जळक्या तुकड्यात हिरवं पोपटी गवत आलं, बाकीच्या डोंगरापेक्षा वेगळं. घरातून दिसायचं. सून रोज बघायची. एक दिवस म्हणाली, आत्या, पूर्वी कडा कुठं कुठं होत्या ते मला दाखवा. मी दाखवल्या. मग ती आणि ती गार्ड पोर दोघींनी काय काय बोलून घेतलं. दसऱ्यानंतर ओढ्यातली घाणेरी मुळासकट काढली. चराईबंदी ठेवून गवत कापून न्यायचं ठरलं. आणि माघात, गारवा असताना, फॉरेस्टच्या देखरेखीखाली डोंगराच्या अंगावर पट्टे जाळायचे ठरले, म्हणजे वैशाखात वीज पडली तरी आगीला हद्द सापडेल. तेव्हा जळू द्यायची की विझवायची, ह्यावर त्या दोघींचं अजून एकमत नाही. मी मध्ये पडत नाही. आभाळाची आग माणसाच्या हातानं माघात लावायची, हे माझ्या सासऱ्यांना पटलं असतं का, तेही मला माहीत नाही. पण कड परत आली.

सून म्हणाली, "आत्या, वड्याची कड तुमची."

मी ते ऐकल्यापासून दिवस मोजत होते. डहाळी कुठल्या झाडाची तोडायची तेही ठरवून ठेवलं. शेंगा निवडून फडक्यात बांधल्या. पट्टे जाळायच्या आदल्या दिवशी पुण्याहून नातू आणि नातसून आले. तो कंपनीत, तीही कंपनीत. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. दिवसभर दोघं एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून दोन मोबाईल बघत होती. त्यांचं बोलणं मी कान देऊन ऐकलं. "चार्जर", "हं" आणि "नंतर". मला वाटलं, आमचं "ताट", "पाणी", "बरं" ह्यापेक्षा बरंच म्हणायचं.

सकाळी सगळे निघाले. मी ओट्याच्या पायरीवर आले, डहाळी हातात, शेंगा कमरेला. एक पाऊल खाली टाकलं आणि काय सांगू, माझा गुडघा धरला.

नातू धावत आला. मी म्हटलं, म्हातारीला काय जमतंय आता. तुम्ही दोघं जा. तो म्हणाला, आजी, पण तिथं करायचं काय? मी म्हटलं, बघत बसायचं. कडेला आली तर झोडपायची. शेंगा नातसुनेच्या हातात दिल्या आणि सांगितलं, राखेत पुरायच्या, हात जपून. ओढ्याच्या त्या खोलगट भागात मोबाईलला रेंज येत नाही, हे सांगायचं राहून गेलं.

मग मी ओट्यावर पाय लांब करून बसले. ओढा इथून दिसत नाही, मध्ये बांध आहे. धूर तेवढा वर आला, निळसर, आणि मागोमाग तो वास. दोघं कुठं बसली असतील ते मला डोळे मिटून सांगता येत होतं.

तेव्हा सासूबाई आठवल्या. ह्याच ओट्यावर, असाच पाय लांब करून बसायच्या त्या, तोंड डोंगराकडे. ओढ्याची कड पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराची, म्हणजे माझ्याआधी ती त्यांची होती. सासऱ्यांबरोबर त्यांनीही ती राखली असेल. त्यांनाही जायचं असेल, दर वेळी. आणि मी सातवी पास शहाणी, त्यांचा गुडघा तेल लावून चोळत बसायची.

संध्याकाळी नातसून आली. गालाला काजळी, बोटांची टोकं पोळलेली. म्हणाली, आजी, बाम लावून देऊ का गुडघ्याला. मी म्हटलं, दे बाई. फार दुखतोय.